भिकनआबाची ट्यूब

दोंडाईच्याहून तापीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, टेंभेपाड्याच्या फाट्याला भिकनआबाचं पंक्चरचं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, चार पत्रे, एक कॉम्प्रेसर आणि पाण्याची काळी पडलेली घमेली. पण तिथे थांबलेला माणूस पंक्चर काढून नुसता निघून गेला, असं फारसं होत नसे. आबा त्याला विचारायचा, "पुढे कुठे?" माणूस म्हणाला की नदीपलीकडे, नावेनं, की संपलं. आबा हात पुसायचा, खिळ्याला टांगलेली एक काळी पिशवी काढायचा आणि त्याच्या कमरेला बांधायलाच लागायचा. माणूस बिचारा गुदगुल्या झाल्यासारखा मागे सरकायचा.

ही पिशवी ट्रकच्या जुन्या ट्यूबची. आबानं स्वतः कापलेली, सोल्युशननं चिकटवलेली, वळकटीसारखं तोंड दुमडून वर रबरी पट्टी ओढायची, पाण्याचा थेंब आत जाणार नाही. आत मोजक्याच वस्तू. एक शिट्टी, खेळाच्या मास्तरांकडे असते तशी. दोरीला बांधलेला, मिटणारा छोटा चाकू. मेणात बुडवलेल्या काडेपेटीच्या काड्या. जखमेला बांधायची पट्टी. गुळाची एक वडी. सुरुवातीला त्यानं टॉर्च, गोळ्या, दोर, असं बरंच काही कोंबलं होतं. मग एकदा ती जाडजूड पिशवी बांधून स्वतः डोहात उडी मारून बघितली आणि नाकातोंडात पाणी जाऊन खोकत वर आला. त्या दिवशी निम्म्या वस्तू बाहेर निघाल्या. ह्याला म्हणतात करून बघणं. आमच्याकडे निम्मं गाव सल्ले देतं, पाण्यात कुणी उतरत नाही.

गावात सगळे त्या पिशवीला 'भिकनची ट्यूब' म्हणत. स्वतः आबा ती दुकानातसुद्धा बांधून बसायचा, सदऱ्याखाली. पोट पुढे आलेलं दिसायचं. पारावरची माणसं विचारायची, "आबा, कितवा महिना चालू शे?" आबा शांतपणे म्हणायचा, "भरत आलाय. बाळंतपणाला तुझ्याच घरी येणार." ट्यूब लोक घेऊनही जात, फुकट होती म्हणून. कुणी तिच्यात तंबाखू ठेवली, कुणी मोबाईल. एका बहाद्दरानं तर म्हशीच्या गळ्यात बांधली. आबाची बायको द्रौपदाबाई वैतागायची. "लोकांना नको ते गळ्यात कशाला घालता?" म्हणायची, आणि संध्याकाळी बसून पट्ट्यांना दोरा घालून द्यायची तीच.

ती घालून देत होती, कारण तिला ठाऊक होतं हे खूळ आलं कुठून.

भिकनचा धाकटा भाऊ बुद्धभूषण. दोंडाईच्याला कापडदुकानात कामाला होता, हसरा, सगळ्यांशी गोड. पलीकडच्या गावच्या लग्नाहून परत येताना नाव कलंडली. नदी फुगलेली होती. बाकीचे लागले काठाला. ह्याला धार घेऊन गेली आणि खाली बेटाजवळच्या बाभळीत त्यानं फांदी धरली. त्याच्याजवळ सगळं होतं हो. मोबाईल होता, बॅटरी होती, पण सगळं पिशवीत आणि पिशवी नावेत. भिकन आणि गावकरी ओरडत काठानं फिरले. ते बाभळीच्या अलीकडून गेले, तो पलीकडच्या अंगाला होता. एका बकऱ्या चारणाऱ्यानं नंतर सांगितलं, की दुपारी कुणीतरी हाका मारत होतं खरं, आवाज बसलेला होता, मला वाटलं कुणी गुरं वळतंय. दुसऱ्या दिवशी बुद्धभूषण त्याच फांदीवर सापडला. फांदी सुटलेली नव्हती. गारठ्यानं गेला, थकून गेला, काय म्हणायचं ते म्हणा.

भिकनला त्यानंतर कुणी समजावू शकलं नाही. एक शिट्टी असती तर, एवढंच तो बोलायचा. मातीनंतर पाच-सहा दिवसांनी तो दुकानात बसला, ट्रकची ट्यूब पुढे ओढली आणि कात्री चालवली. नावेत ठेवलेलं नदीच्या मालकीचं, असं त्याचं म्हणणं. माणसाच्या अंगाला जे बांधलेलं असेल तेच त्याचं.

आता ज्यानं ही ट्यूब सगळ्यात आधी बांधायला हवी होती तोच बांधत नव्हता. झुलाल भोई. टेंभेपाड्याचा नावाडी, मासेमार, आणि भिकनचा शाळेपासूनचा दोस्त. दोघं एका फळीवर बसलेले, एकाच मास्तरांचा मार खाल्लेले. पूल झालाय, पण तो लांब, वळसा मोठा. पलीकडे शेतं असलेली माणसं अजून झुलालच्याच नावेनं जायची. वर्षातले कितीतरी दिवस तो पाण्यावर. आणि कमरेला काय, तर करदोडा.

"माले नको," झुलाल म्हणायचा. "नावाड्यानंच शिट्टी बांधली तर उतारू काय म्हणतील? म्हणतील, ह्यालाच नावेचा भरवसा नही."

"बुद्धभूषणनंही नावाड्याचाच भरवसा धरला होता," भिकन एकदा म्हणाला.

हे बोलायला नको होतं. ती नाव झुलालची नव्हती, दुसऱ्या गावची होती, आणि बुद्धभूषणला शोधायला झुलाल रात्रभर पाण्यात होता. झुलाल उठला आणि चालता झाला. दोघांचा अबोला पडला. पोळा गेला, दिवाळी गेली, झुलाल फाट्यावरून जाताना मान वळवून जायचा. भिकनही हट्टी, तोही हाक मारीना. द्रौपदाबाई म्हणाली, "दोन म्हाताऱ्या सवतींपेक्षा वाईट आहात तुम्ही."

मग होळीच्या सुमाराला झुलालच्या मोटारसायकलचं पंक्चर झालं. नेमकं फाट्यावर. ढकलत आला, स्टँडला लावली, दगडावर बसला, एक शब्द नाही. भिकननं चाक खोललं. पॅच लावला, हवा भरली. झुलाल उठला. खिळ्यावरची एक ट्यूब काढली, सदरा वर केला, कमरेला घट्ट बांधली आणि सदरा खाली ओढला.

"कुणाले सांगू नको," एवढं म्हणाला आणि गाडीला किक मारली.

भिकन त्या दिवशी घरी जाऊन चक्क गोडाचा शिरा करायला लावून बसला. त्याला वाटलं, एक तरी माणूस नदीकडून सोडवून आणला. पुढे झुलाल भेटला की भिकन हळूच त्याच्या पोटावर चापट मारून बघायचा. ट्यूब असायचीच. शब्दाला पक्का माणूस.

त्याच उन्हाळ्यात झुलालनं नवं जाळं विणलं. हल्ली तयार जाळी मिळतात, सगळे तीच घेतात, पण झुलालला बाजारचं जाळं पटायचं नाही. तो आणि सुनंदाबाई, त्याची बायको, दारातल्या निंबाखाली समोरासमोर बसून विणायचे. जाळ्याचं टोक पायाच्या अंगठ्यात अडकवायचं आणि हात चालू. भिकन कधी गेला तर तासभर बघत बसायचा. त्याचा धंदा कापायचा आणि चिकटवायचा, गाठी मारायचा हा प्रकार त्याला नवलाचा वाटे. एकदा एक सूत लोंबत होतं म्हणून त्यानं सवयीनं कमरेचा चाकू काढला. सुनंदाबाईनं त्याचा हातच धरला. "भाऊ, जाळ्याले पातं नही लावत," ती म्हणाली, आणि ते सूत तिनं दातांनी तोडलं. भिकन हसला आणि चाकू मिटला. त्या हसण्याबद्दल त्यानं पुढे स्वतःला किती शिव्या घातल्या, ते द्रौपदाबाईला माहीत.

भाद्रपदात वरच्या धरणाचे दरवाजे उघडायचे म्हणून सकाळीच भोंगा झाला, गावात दवंडीही झाली. नावा काठाला ओढल्या गेल्या. भिकन त्या दिवशी पलीकडे एका मयताच्या भेटीला निघाला होता. काठावर आला तर झुलाल एकटाच नावेत पाय टाकत होता.

"आज कसला पलीकडे जातोस, घरी जा," झुलाल म्हणाला. "मी जाळं काढस आणि येस. पाणी यायले टाइम शे."

"ट्यूब?"

झुलालनं सदरा वर करून दाखवला. होती.

भिकन काठावर बसून राहिला. नाव जुन्या पंपघराच्या पुढे गेली, तिथे आडवं जाळं लावलेलं. झुलाल निम्मंअधिक जाळं नावेत ओढून घेतोय, तोवर वरून एक झाड आलं, मुळांसकट. पाण्याआधी पाण्याचा कचरा येतो, तसं. झाड जाळ्याच्या दोरात गुंतलं, जाळं एकदम ताणलं, नाव गर्रकन फिरली आणि झुलाल पाण्यात. बुडाला नाही. पोहणारा माणूस तो, त्यानं नावेची कड धरली. पण जाळं त्याच्या दोन्ही पायांना बसलं होतं आणि झाड ते खाली ओढत होतं.

"काप!" भिकन ओरडला. "चाकू काढ, काप!"

झुलालनं ऐकलं. ऐकलं हे नक्की, कारण त्यानं हात वर करून पंजा दाखवला, थांब जरा. मग त्याचा हात कमरेला गेला. भिकननं सुटकेचा श्वास घेतला आणि आपली शिट्टी तोंडात घालून फुंकायला लागला. गावातून माणसं धावली, झुलालचा म्हातारा चुलता सुपडूबाबा आला, कुणी ट्रॅक्टरची फुगवलेली ट्यूब आणली, कुणी दोर आणला. एक नाव पाण्यात ढकलली गेली.

आणि झुलाल एका हातानं कड धरून, दुसऱ्या हातानं पायातलं जाळं सोडवत होता. कापत नव्हता, सोडवत होता. वाकायचा, डोकं पाण्याखाली जायचं, वर यायचा, श्वास घ्यायचा, परत वाकायचा. घाई नाही, गडबड नाही. काठावरून भिकन शिट्टी टाकून देऊन ओरडत होता, आईबहिणीवरून शिव्या देत होता, काप रे, काप. वेळ होता. दोन वार, तीन वार, एवढंच काम होतं. एक पाय मोकळा झालेला भिकनला दिसला. झुलालनं तो वर काढून नावेच्या कडेवर टाकलाही. तेवढ्यात दुसरं खोड येऊन पहिल्यावर आदळलं, सगळं एकदम खाली गेलं, आणि नाव रिकामी तरंगली.

दुपारी खालच्या वळणाला सापडला. भोई लोकांनी जाळ्यासकट काठावर आणला. दुसऱ्या पायाला अजून वेढे होते. चाकू ट्यूबमधून काढलेला होता, दोरीनं मनगटाला लोंबत होता. मिटलेला.

आणि मग भिकननं जे पाहिलं ते त्याच्या डोळ्यांपुढून आजही जात नाही. चार माणसं प्रेताभोवती बसली आणि त्यांनी जाळं सोडवायला घेतलं. सावकाश, एकेक गाठ. रडत होते आणि सोडवत होते. बाजूला मेलेल्या माणसाची बायको उभी, ऊन चढलेलं, पोलीस घाई करतायत, आणि एकाच्याही मनात आलं नाही की कापावं. भिकनच्या कमरेला चाकू होता. त्यानं काढला नाही.

"पहिलेपासून असंच शे," सुपडूबाबा नंतर त्याच्याशेजारी बसत म्हणाला. "पोरगं जाळ्याले चाकू लावी ते आम्ही त्याना हातवर मारतस. मासा अडकना ते मासा काप, जायं नको. झुलालनी भी लहानपणी मार खायेल शे. मन्हाच हातना."

भिकन घरी आला आणि खिळ्यावरच्या सगळ्या ट्यूबा काढून पोत्यात भरल्या. पारावर लोक बोलायला लागलेच होते. काय उपयोग झाला ट्यूबचा, बांधलेली होती ना? त्याला लोकांचा राग आला नाही. राग आला स्वतःचा. इतकी वर्षं आपण माणसांच्या कमरेला चाकू बांधत फिरलो, आणि त्यांचे हात कधी बघितले नाहीत. सुनंदाबाईनं मनगट धरलं तेव्हा कळायला हवं होतं. दगड आहेस तू भिकन, तो स्वतःला म्हणाला, निव्वळ दगड.

दहाव्याला तो गेला. निंबाखाली ते जाळं धुऊन वाळत घातलेलं होतं. सुनंदाबाई कोरड्या डोळ्यांनी बसली होती. भिकनला बघून तिनं जाळ्याकडे हात केला.

"जायं बठ्ठं साबूत शे, भाऊ," ती म्हणाली. "एक सूत तुटनं नही."

भिकन खाली मान घालून परत आला.

झुलालला एकच मुलगा, समाधान. धुळ्याला एमआयडीसीत कंपनीत कामाला, चांगला पंचविशीचा. दिवस झाल्यावर तो परत जाईल असं सगळ्यांनी धरलेलं. तो गेला नाही. आई एकटी, नाव पडून, पलीकडची माणसं खोळंबलेली. कुणी म्हणालं नाही तरी समजून घेतात पोरं. दसऱ्याच्या आधी बातमी फाट्यावर आली की समाधान उद्यापासून नदीवर जातोय, बापाचं जाळं घेऊन.

भिकननं कॉम्प्रेसर बंद केला. दुकानात गिऱ्हाईक होतं, एक चाक खोललेलं तसंच होतं. "बस, येतो," म्हणाला आणि चालत सुटला.

समाधान निंबाखाली जाळ्याची घडी घालत होता. कमरेला ट्यूब होती, बापाचीच. त्यानं आबाला बघून ती दाखवलीसुद्धा, म्हणजे आबा रागावणार नाही.

"चाकू काढ," भिकन म्हणाला.

समाधाननं काढला.

"ह्या जाळ्याला काप दे."

समाधान हसला. मग आबाचा चेहरा बघून हसू विरलं. "कशाला, आबा? चांगलं जाळं आहे."

"चांगलं आहे म्हणूनच. काप."

"मागे एक जुनं फाटकं पडलंय, ते आणतो. त्यावर दाखवतो कापून."

"फाटकं कुणीही कापेल. हे काप."

समाधाननं चाकू उघडला. जाळं हातात धरलं. पातं सुताला टेकवलं आणि तिथेच राहिला. हात पुढे जाईना. खोटं नाही, तरणाबांड पोरगा, कंपनीत लोखंड कापणारा, आणि एका सुतापुढे अडला.

"बापाच्या हातचं आहे, आबा," तो म्हणाला. "माझ्यानं नाही होणार."

"तुझ्या बापाच्यानंही नाही झालं." भिकन म्हणाला. "मी उभा होतो तिथे. चाकू हातात होता त्याच्या. मी ओरडत होतो आणि तो सोडवत होता. समाधान, मी तुझ्या पाया पडतो. मी भाऊ घालवला, दोस्त घालवला. तू हे कापल्याशिवाय नदीवर गेलास तर मी नावेपुढे आडवा पडेन."

समाधान रडकुंडीला आला. चाकू मिटायला लागला.

आत सुनंदाबाई भाकरी थापत होती. ती पिठाच्या हातानं बाहेर आली. कुणाला काही विचारलं नाही तिनं. मुलाच्या हातून चाकू घेतला, जाळ्याचं टोक पायाच्या अंगठ्यात अडकवलं, विणताना अडकवायची तसंच, दुसऱ्या हातानं ताणलं, आणि पातं लावलं. पहिलं सूत तुटलं तेव्हा तिचे डोळे घट्ट मिटले. मग उघडले. मग ती थांबली नाही. उन्हाळाभर जे दोघांनी विणलं होतं ते ती वरपासून खालपर्यंत कापत गेली, सूत न् सूत, आणि जाळ्याला माणूस आरपार जाईल एवढं भगदाड पडलं.

चाकू तिनं मुलाच्या तळहातावर ठेवला. "आते तू," म्हणाली.

समाधान जागचा हलेना.

"काप, मन्हा राजा," ती म्हणाली, आणि मग खाली बसली आणि मोठ्यानं रडायला लागली. नवऱ्याला काठावर आणला तेव्हासुद्धा ती अशी रडली नव्हती. शेजारच्या बाया धावत आल्या, काय झालं, काय झालं, म्हणून.

समाधाननं दुसऱ्या टोकाला पातं लावलं. एक सूत तुटलं.

"परत," भिकन म्हणाला.

समाधाननं परत कापलं.